दऱ्यांचा दर्या झाला, त्याची तक्रार

एका निवृत्त मास्तरांचं पुस्तक माझ्याकडे जुळणीला होतं. सह्याद्रीतल्या भटकंतीचं, एकशे साठ पानांचं. तिसरं प्रूफ त्यांच्याकडे गेलं आणि दुपारी फोन आला. "बाई, आमच्या आचाऱ्याला तुम्ही आचार्यपद कधी बहाल केलंत?" मला काही कळेना. पान ४७ काढलं. ‘रात्री आचार्यांनी चुलीवर भात लावला.’ त्याच पानावर खाली, ‘पायर्या चढून गेलं की उजव्या हाताला खोल दर्या.’ म्हणजे सह्याद्रीत समुद्र शिरला होता.

मूळ फाइल उघडली तर स्क्रीनवर सगळं जागच्या जागी. पायऱ्या होत्या, दऱ्या होत्या, आचारीही आचारीच होता. पीडीएफ केली की मात्र य च्या अंगाला टेकलेला तो आडवा ऱ नाहीसा व्हायचा आणि डोक्यावर रफार चढायचा. आठ दिवसांपूर्वी सॉफ्टवेअरने रात्रीतून एक अपडेट घेतलं होतं, मला न विचारता.

वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते, म्हणून हक्काने कस्टमर केअरला फोन लावला. चौदा मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगा आला. तो हिंदीत बोलत होता. मी लाल गोल करून स्क्रीनशॉट पाठवला. तो पाहून म्हणाला, "मॅडम, दोनों में ‘दर्या’ ही तो लिखा है." यात त्याची काय चूक? हिंदीत हा भेदच नाही. आपल्याला त्यात डोंगर आणि समुद्र दिसतो, त्याला एकाच शब्दाची दोन वळणं दिसली. त्याने मला कॅशे साफ करायला लावली, मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला, मग कॉम्प्युटर बंद करून चालू करायला. आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

पुढच्या चार दिवसांत मी आणखी पाच फोन केले. दर वेळी माणूस नवा आणि दऱ्यांचं रामायण पहिल्यापासून. पाचव्या फोनवर मी पलीकडच्या मुलीवर ओरडले. उपयोग शून्य झाला, आणि रात्री त्या मुलीला उगाच बोलले म्हणून चुटपुट लागली ती वेगळीच.

हे जुळणी करणाऱ्यांपुरतं नाही. कोणाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आकडे चुकवतं, कोणाचं शिकवणीचं ॲप पैसे घेऊन उघडतच नाही, कोणाच्या पैशांचा व्यवहार अधांतरी लटकतो. तऱ्हा वेगळ्या, पण पलीकडचा आवाज तोच असतो, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ त्या आवाजाशी कसं वागावं हे मला उशिरा कळलं. तुम्हाला लवकर कळावं.

पहिली गोष्ट, फोन करणं थांबवा. निदान एका फोननंतर तरी. फोन संपला की त्याची नोंद त्यांच्याकडे राहते आणि आपल्याकडे राहते फक्त घशाची कोरड. ‘हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे’ हे ते सांगतात, पण ते रेकॉर्डिंग तुमच्या बाजूने कधी ऐकवलं गेल्याचं आठवतंय? लेखी तक्रार करा. ई-मेल किंवा ॲपमधलं तक्रारीचं पान, काहीही चालेल. तारीख आणि तक्रार क्रमांक मिळाला पाहिजे. फोन करावाच लागला तर तो संपताच पाच ओळींचा मेल टाका, ‘आज दुपारी अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीशी बोलणं झालं, त्यांनी असं असं सांगितलं, त्याने दोष गेलेला नाही.’ बोलणं हवेत विरू द्यायचं नाही.

असं का, ते मला भाचीने समजावलं. ती दोन वर्षं पुण्यात खराडीच्या एका कॉल सेंटरमध्ये होती. तिच्या समोरच्या स्क्रीनवर एक घड्याळ चालायचं. सरासरी किती मिनिटांत कॉल संपवला, दिवसाला किती तिकिटं बंद केली, यावर तिचा महिन्याचा हिशेब. तिकीट म्हणजे तुमची तक्रार. ती सुटली की नाही याला रकाना होताच, पण बंद झाली का याचा रकाना ठळक होता. पहिल्या पायरीवरच्या मुलांच्या हातात ठरलेली प्रश्नावली असते आणि तीच क्रमाने विचारायची असते. सॉफ्टवेअरच्या आतलं त्यांना दिसत नाही, ते दुरुस्त करणाऱ्या माणसाशी त्यांचं बोलणंही होत नाही. तक्रार दुसऱ्या पायरीवर ढकलायची तर तिला कारण जोडावं लागतं, आणि ‘ग्राहक फार चिडला आहे’ हे कारण कुठल्याच यादीत नसतं. भाची म्हणाली, "मावशी, ओरडणाऱ्याला आम्ही शांतपणे सॉरी म्हणून लवकर बंद करायचो. ज्याचं म्हणणं मला तसंच्या तसं पुढे चिकटवता यायचं ना, त्याचं काम व्हायचं."

या एका वाक्याने माझी चूक माझ्या पदरात घातली. मी सहा जणांना मराठी व्याकरण शिकवत बसले होते. त्यांना हवा होता पुढे चिकटवता येईल असा मजकूर.

मग मी एक कोरी फाइल उघडली आणि तिच्यात एकच शब्द लिहिला, दऱ्या. मास्तरांचं पुस्तक नाही, माझी पानांची सजावट नाही, चार फॉन्ट नाहीत. एक शब्द, एक फॉन्ट. पीडीएफ केली. दर्या. दोष हातात सापडला. एकशे साठ पानांची फाइल पाठवली की समोरचा म्हणतो, तुमच्याच फाइलमध्ये गडबड असेल. एका शब्दाच्या फाइलमध्ये गडबड लपायला जागाच नसते.

मग तोच शब्द दुसऱ्या कीबोर्डने टाइप केला. आणि पीडीएफमध्ये तो शाबूत आला! तासभर डोकं लावल्यावर उलगडा झाला. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन रीतींनी लिहिता येतं. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. माझा नेहमीचा कीबोर्ड दुसऱ्या रीतीने लिहीत होता. नवं अपडेट पीडीएफ करताना ते न दिसणारं चिन्ह गिळून टाकत होतं, आणि ते गेलं की र आपला रफार होऊन य च्या डोक्यावर बसणारच. तुम्हाला इतक्या खोलात जायची गरज नाही. पण दोष कधी येतो आणि कधी येत नाही, एवढं जरी सांगता आलं तरी दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. वायफायवर येतो, मोबाइल डेटावर येत नाही. नव्या खात्यात येत नाही, जुन्या खात्यात येतो. घरातल्या दुसऱ्या फोनवर करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग मी मेल लिहिला. तो इथे देते, कारण त्याचा साचा कुठल्याही तक्रारीला चालतो. कंपनी बाहेरची असेल तर सोप्या इंग्रजीत लिहा, मोडकंतोडकं असलं तरी बिघडत नाही, वाक्यं छोटी ठेवा म्हणजे झालं.

‘विषय: तक्रार क्रमांक अमुक. पीडीएफमध्ये एक अक्षर बदलते. अपडेटनंतर सुरू झाले.

माझी आवृत्ती ही. विंडोज ही. परवाना क्रमांक हा. बिलाची प्रत जोडली आहे.

काय केले: १. कोरी फाइल उघडली. २. सोबतच्या फाइलमधला एक शब्द चिकटवला. ३. पीडीएफ केली.

काय व्हायला हवे: चित्र १ प्रमाणे. काय होते: चित्र २ प्रमाणे. दर वेळी होते. मागच्या आवृत्तीत होत नव्हते.

आजवर केलेले उपाय: कॅशे साफ केली, सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकले, दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिले. फरक नाही.

हे दोन शब्द वेगळे आहेत, त्यांचे अर्थ वेगळे आहेत. माझे छपाईचे काम अडले आहे.

मागणी: दुरुस्ती, किंवा ती होईपर्यंत मागची आवृत्ती. सात दिवसांत यातले काही न झाल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे परत.’

यात कुठेही ‘तुमच्या कंपनीला लाज वाटली पाहिजे’ नाही. ते मी वेगळ्या कागदावर लिहिलं होतं आणि फाडून टाकलं. आजवर केलेले उपाय लिहिले की पहिल्या पायरीची प्रश्नावली तिथेच संपते. त्यांना तेच पुन्हा करायला सांगता येत नाही. आणि मागणी नेमकी लिहा. पुष्कळ लोक दोन पानं दुःख लिहितात आणि काय हवं ते लिहायचं राहून जातं. मग कंपनी सहानुभूती पाठवते, कारण तीच स्वस्त पडते.

उत्तर आलं की नवी तक्रार उघडू नका, त्याच मेलच्या साखळीत उत्तर द्या. बऱ्याच ठिकाणी चार-पाच दिवस तुमच्याकडून काही आलं नाही तर तिकीट आपोआप बंद होतं आणि ‘समस्या सुटली’ या खात्यात जमा होतं. ‘सुटलेली नाही’ एवढे दोन शब्द पाठवले तरी पुरतं. मी हे चार वेळा पाठवलं.

आणि एक वाक्य ऐकाल तेव्हा सावध राहा, ‘मॅडम, ही तक्रार फक्त तुमचीच आहे.’ मला ते दुसऱ्या आणि चौथ्या फोनवर ऐकवलं गेलं. क्षणभर खरंही वाटतं. आपल्यालाच जमत नसेल, वय झालं, असं काहीबाही मनात येतं. या वाक्याने किती नासधूस होऊ शकते त्याची जगाला ठाऊक असलेली गोष्ट ब्रिटनच्या टपाल खात्याची आहे. तिथे १९९९ पासून शाखांमध्ये होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. हिशेबात पैसे कमी दिसायला लागले. शाखा चालवणाऱ्यांनी मदत केंद्राला फोन केले, तर कित्येकांना हेच सांगितलं गेलं की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. नऊशेहून जास्त लोकांना चोर ठरवून शिक्षा झाल्या, कोणी तुरुंगात गेलं, कोणी घर विकलं. दोष प्रणालीत होता. वेल्समध्ये एक शाखा चालवणारे ॲलन बेट्स यांनी मात्र नोंद ठेवली होती. तीन वर्षांत मदत केंद्राला पाचशेहून जास्त फोन, त्यातले ८५ होरायझनबद्दल. त्यांचंही दुकान गेलंच, पण पुढे ५५५ जण एकत्र होऊन कोर्टात उभे राहिले आणि २०१९ मध्ये न्यायाधीशांनी प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला. २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपला मामला एवढा मोठा नसतो, देवाची कृपा. पण फोन मोजून ठेवण्याची सवय त्या गृहस्थांकडून घ्यावी. मी वहीत तारीख, वेळ, नाव, काय म्हणाले, अशा चार रकान्यांत लिहिते. साधी दोनशे पानी वही, तिच्याच मागच्या बाजूला दुधाचा हिशेब आहे.

आता, एवढं करूनही कोणी हललं नाही तर?

आपल्याकडे २०२० साली ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले. ऑनलाइन विकलं जाणारं सॉफ्टवेअर, ॲपची वर्गणी असा डिजिटल मालही त्यात धरला आहे. त्यानुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं बंधन आहे. हे नाव शोधायला चिकाटी लागते. वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘अटी व नियम’ किंवा ‘गोपनीयता’ या पानाच्या पोटात ते असतं. चॅटवरचा यंत्रमानव ते कधीच सांगत नाही. सापडलं की तुमची तीच मेलची साखळी त्याला पाठवा, वर एक ओळ लिहा, ‘ई-कॉमर्स नियम २०२० नुसार ही तक्रार आपल्याकडे करीत आहे.’ माझा अनुभव सांगते, या एका ओळीने उत्तराची भाषाच बदलते. आधी ‘डिअर कस्टमर’ होते, नंतर माझं नाव आलं.

त्याच्या पुढची पायरी १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, आणि तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते. हे न्यायालय नव्हे, ते आदेश काढत नाहीत. तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत पोचवतात आणि उत्तर मागवतात. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण कंपनीलाही पुढचा रस्ता ठाऊक असतो.

पुढचा रस्ता म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. लोक इथे उगाच बिचकतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो बराच सोपा केला आहे. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असलं तरी. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांत लागेल या भरवशावर राहू नका, तारखा पडतात.

इथे माझ्यासारख्यांनी एक मुद्दा नीट वाचावा. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार ग्राहक म्हणून करता येत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला हाच आक्षेप घेतो. पण स्वयंरोजगाराने स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठीच ती वस्तू घेतली आणि वापरली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. घरी बसून जुळणी करणारी बाई, एकटा फोटोग्राफर, शिकवण्या घेणारे सर यात बसतात. दहा माणसांचं ऑफिस असेल तर आधी जाणकाराला विचारा.

दुसरा आक्षेप येतो तो आपण न वाचता ‘मान्य’ म्हटलेल्या कराराचा. सॉफ्टवेअर ‘जसं आहे तसं’ दिलं आहे, कंपनी जबाबदार नाही, वाद झाला तर लवादाकडे जायचं, वगैरे. घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’च आहे, हेही त्याच न्यायालयाने २००४ मध्ये एका विक्रीकराच्या खटल्यात म्हटलं होतं. कागद लिहायला मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, पुण्यात सुरू झालेली अखिल भारतीय ग्राहक पंचायत आहे. या चळवळी आपल्याकडे १९७४-७५ पासूनच्या, म्हणजे देशात ग्राहक कायदा यायच्या आधीच्या. तिथली अनुभवी मंडळी तुमचा कागद वाचून पहिल्यांदा विचारतात, "बिल कुठाय?" तेव्हा बिल जपा. ॲपच्या वर्गणीचंही बिल मेलवर येतं, ते कचऱ्यात टाकू नका.

पैसे अडकले असतील तर मात्र रस्ता वेगळा आणि बराच सरळ आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी जावेला यूपीआयने दोन हजार पाठवले. खात्यातून गेले, तिकडे पोचले नाहीत. ॲपमध्ये ‘प्रलंबित’. काकू तीन दिवस ॲपच्या चॅटवर ‘हॅलो’ लिहीत होत्या आणि तो चॅट त्यांना कॅशबॅकच्या योजना सांगत होता. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक अशा वेळी उपयोगी पडतं. माणसाकडून माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी आणि एटीएमसाठी पाच दिवसांची मुदत आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता द्यायची आहे. ॲपशी वाद घालत न बसता थेट बँकेकडे लेखी तक्रार द्या, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घाला आणि या परिपत्रकाची तारीख लिहा. काकूंच्या अर्जावर बँकेतल्या बाईंनी ती तारीख दोनदा वाचली. पैसे दोन दिवसांत आले. भरपाईचे शंभर-शंभर मात्र मागून घ्यावे लागले, आणि काकूंनी ते मागितले! बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

पैशांचाच दुसरा वैताग म्हणजे न संपणारी वर्गणी. फुकट महिना म्हणून घेतलेलं ॲप दर महिन्याला पैसे कापत राहतं आणि रद्द करायचं बटण सापडत नाही. फोनमधून ॲप काढून टाकलं की वर्गणी थांबते असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. ॲपच्या मागे लागू नका, पैशाच्या नळाकडे जा. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचं पान असतं, तिथून ती परवानगीच रद्द करता येते. कार्डावर असेल तर बँकेच्या ॲपमध्ये. ऑक्टोबर २०२१ पासून पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, म्हणजे तो मेसेज वाचायचा असतो. ॲप गुगल प्ले स्टोअरवरून घेतलं असेल आणि पहिल्या ४८ तासांतच फसल्याचं कळलं तर परताव्याचा अर्ज तिथेच करा, तेवढ्या वेळात तो सोपा असतो. आणि सोडून जाणं मुद्दाम अवघड करून ठेवणं ही आपल्याकडे नुसती वाईट खोड राहिलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांना नाव घेऊन मनाई केली आहे, त्यात हा वर्गणीचा सापळा आहे. १९१५ ला तक्रार करताना हे नाव घ्या.

एक इशारा, आणि तो मी कळकळीने देते. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. वैतागलेला माणूस हेच चोरांचं आवडतं गिऱ्हाईक आहे. शोधात वर येणारे नंबर कित्येकदा त्यांनीच पेरलेले असतात. तिथला माणूस फार गोड बोलतो, पहिल्या रिंगला फोन उचलतो. खरी कस्टमर केअर पहिल्या रिंगला कधी उचलते का? एवढ्यावरूनच ओळखावं. मग तो एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, किंवा परतावा मिळण्यासाठी पिन टाका म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतून, बिलावरून, किंवा कार्डाच्या मागच्या बाजूवरून. चूक होऊन पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३०, आणि पाठोपाठ बँक.

सार्वजनिक ठिकाणी कंपनीला झापावं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. कधी कधी उपयोग होतो, नाकारत नाही. पण तक्रार क्रमांक आणि तारखा घालून लिहिलेल्या चार ओळींचा होतो, शिव्यांचा नाही. शिवाय तुमचा फोन नंबर, परवाना क्रमांक त्यात घालू नका. त्याच पोस्टखाली ‘आम्ही आपली मदत करू’ म्हणत कंपनीच्या नावाची खोटी खाती टपकतात आणि गाडी पुन्हा मागच्या परिच्छेदात जाते.

कधी सोडून द्यावं, हेही सांगायला हवं. दोनशे रुपयांच्या ॲपसाठी महिनाभर जीव आटवण्यात अर्थ नाही. मी सरळ हिशेब करते. माझ्या कामाचा तासाचा दर काय आणि आजवर किती तास गेले. वसुली त्याच्या आत असेल तर एक शेवटचा मेल आणि नमस्कार. पण आपला मजकूर, हिशेब, फोटो त्या सॉफ्टवेअरच्या पोटात अडकलेले असतील तर आधी ते बाहेर काढा, कोणत्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात, आणि मग भांडा. वर्गणी रद्द झाली की काही कंपन्या आतलं बघूही देत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीचा तीन वर्षांचा जमाखर्च असाच आत राहिला आणि खजिनदारांनी तो बँकेच्या पासबुकावरून पुन्हा लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत, सहकुटुंब.

माझ्या प्रकरणाचं काय झालं? तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल गेला त्याच्या नवव्या दिवशी एका इंजिनिअरचं उत्तर आलं. एकच ओळ होती, आम्हालाही इथे हे करून बघता आलं, दोष आमचा आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी ती एका शब्दाची फाइल उघडली होती. त्यांनी मागची आवृत्ती दिली, पुढच्या महिन्यात दुरुस्ती आली, आणि मागणी केल्यावर परवान्याची मुदत तीन महिने वाढवून मिळाली. गेलेल्या दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. मी आयोगात जाऊ शकले असते, गेले नाही. मास्तरांचं पुस्तक छापायचं होतं.

आता अपडेट आपोआप घेण्याची सोय मी बंद करून ठेवली आहे. हातातलं काम संपलं की स्वतः अपडेट घेते आणि कोणत्याही गिऱ्हाइकाची फाइल उघडण्याआधी एक जुनी फाइल उघडते. तिच्यात पाच शब्द आहेत. दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्याला, आचाऱ्यांनी. पीडीएफ करते, भिंग लावून बघते, मग चहा ठेवते. मास्तरांना ही फाइल दाखवली तेव्हा त्यांनी पाचव्या शब्दावर बोट ठेवलं. प्रूफातली ती चूक त्यांनी सगळ्या मित्रांना दाखवली होती म्हणे, आणि त्यांच्या भटक्यांच्या टोळीत भात लावणाऱ्याला आता सगळे आचार्यच म्हणतात.